आईचं तिकीट

पत्र

नमस्कार. आम्ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो. या उन्हाळ्यात साताऱ्याहून सासू-सासरे आणि नागपूरहून माझी आई असे तिघंही एकदम आले, म्हणून जुलैत अलास्काची सात रात्रींची क्रूझ ठरवली. तीन केबिन घेतल्या. एकीत सासू-सासरे, एकीत मी आणि नवरा, एकीत आई आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. जावयाच्या पैशाने फिरायचं नाही म्हणून तिने एफडी मोडली आणि आपल्या तिकिटाचे पैसे माझ्या भारतातल्या खात्यात टाकले.

निघायच्या दिवशी सकाळी बंदरात येताना जहाज धक्क्यावर आदळलं. दुपारी आम्हाला आत घेतलं, जेवण दिलं, लाइफ जॅकेटची कवायत झाली, पण जहाज काही हलेना. रात्री मागच्या बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा निरोप आला: जहाज उद्या पहाटे निघेल. ग्लेशियर बे (हिमनद्यांची खाडी) आणि स्कॅगवे हे गाव रद्द. अलास्कातली जूनो आणि केचिकन ही बंदरं अर्धा-अर्धा दिवस. कॅनडातलं व्हिक्टोरिया ठरल्याप्रमाणे. उतरायचं असेल त्यांनी संध्याकाळी चारच्या आत सांगावं, तिकिटाचे सगळे पैसे परत मिळतील. थांबणाऱ्यांना निम्मे मिळतील.

सासूबाई रात्रभर झोपल्या नव्हत्या. निघायच्या आधीच ठेच लागली म्हणजे जायचं नाही असा देवाचाच कौल आहे, म्हणाल्या. नवराही त्यांच्या बाजूने. मी म्हटलं, चला, उतरू या. आई काही बोलली नाही. मुकाट्याने बॅग भरली.

जहाज सांगितल्याप्रमाणे पहाटे गेलं आणि शनिवारी सुखरूप परत आलं. परतावा आमच्या कार्डावर जमा झाला. तेव्हापासून आई विचारलं तेवढंच बोलते. सप्टेंबरअखेर ती परत जाईल. सासूबाई म्हणतात, "एवढं काय झालं? पैसे तर मिळाले!" माझे प्रश्न तीन. आम्ही उतरलो ते चुकलं का? कंपनीने बर्फच गाळला आणि शेवटच्या रात्रीचं व्हिक्टोरिया तेवढं ठेवलं, ही फसवणूक नाही का, भांडावं का? आणि आईचं काय करू?

— दोन्हीकडची

उत्तर

कंपनीचं आणि बंदराचं नाव तुमच्या पत्रात होतं, ते मी काढलं आहे. तुमच्या तीन प्रश्नांतला तिसराच खरा अवघड. पण पहिल्या दोन्हींबद्दल तुमच्या घरात जे समज पसरलेले दिसतात, ते आधी निस्तरू या. नाहीतर तिसऱ्याचं उत्तर तुम्ही वाचाल आणि बाकीचे "पण जहाज फुटलंच होतं ना" यावरच अडून बसतील.

तर आधी जहाज.

अशी जहाजं पावणेतीनशे-तीनशे मीटर लांब आणि पाण्याच्या वर पंधरा-पंधरा मजले उंच असतात. मोकळ्या समुद्रात ती हाकणं तुलनेने सोपं. बंदरात वेग कमी करावा लागतो, आणि वेग उतरला की सुकाणूही नीट काम करत नाही, कारण त्याच्यावरून पाणीच जोरात वाहत नसतं. मग पुढच्या बाजूचे आडवे पंखे, मागची फिरती इंजिनं, गरज पडली तर टग म्हणजे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, या सगळ्यांच्या मदतीने जहाज आडवं ढकलत धक्क्याला लावायचं. त्यात ती पंधरा मजल्यांची भिंत वारा धरते. खाली भरती-ओहोटीचा ओढा वेगळ्याच दिशेला. हायवेवर ट्रक चालवणं आणि तोच ट्रक शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत मागे घेणं, इतका हा फरक आहे. बंदरातलं पाणी ठाऊक असलेला स्थानिक पायलट म्हणूनच बाहेर समुद्रात जाऊन, दोरीच्या शिडीने चढून जहाजावर येतो आणि कॅप्टनच्या शेजारी उभा राहतो. तरीही पन्नास हजार टनांच्या आसपासचं वजन माणसाच्या चालीने सरकत असलं तरी ते ऐन वेळी थांबवता येत नाही. धक्क्याच्या रबरी गाद्यांवर सपाट टेकलं तर कुणाला कळतही नाही. कोपरा लागला की पत्रा फाटतो.

हे नेहमीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण नवलाचंही नाही. 6 जुलै 2023 रोजी 'रुबी प्रिन्सेस' अलास्काहूनच परत येताना सॅन फ्रान्सिस्कोच्या 27 नंबरच्या धक्क्यावर आदळलं. मागच्या भागाचं नुकसान झालं, जखमी कुणी झालं नाही, आणि अलास्काची पुढची सफर दोन-तीन दिवस अडकून राहिली. तुमच्या गोष्टीशी ती किती जुळते पाहा. त्याआधी 20 डिसेंबर 2019 ला मेक्सिकोतल्या कोझुमेलला 'कार्निव्हल ग्लोरी' धक्क्याला लागता लागता तिथे आधीच बांधून ठेवलेल्या 'कार्निव्हल लीजंड'वर गेलं. मागच्या डायनिंग रूमच्या खिडक्या आणि पत्रे गेले, किरकोळ लागलं, तेवढंच. त्याच वर्षी 2 जूनला व्हेनिसमध्ये मात्र प्रकरण गंभीर झालं. 'एमएससी ऑपेरा'चा इंजिनावरचा ताबा सुटला, टगचा दोर तुटला, आणि जहाज धक्क्याला घासत एका छोट्या पर्यटक बोटीवर आदळलं. काही जण जखमी झाले. व्हेनिसकर अशा अजस्र जहाजांविरुद्ध आधीपासूनच ओरडत होते, त्या ओरडण्याला या अपघाताने जोर आला आणि 1 ऑगस्ट 2021 पासून इटलीने व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना बंदीच केली.

यांतलं एकही जहाज बुडालं नाही. धक्क्यावरचे अपघात पैसे खातात, वेळ खातात, कधी कधी धक्क्यावरच्या माणसालाही गाठतात. आत जेवत बसलेल्या प्रवाशांना त्यांच्यापासून फारसं भय नसतं.

खरं भय असतं ते आदळलेलं जहाज न तपासता पुढे नेण्यात. आणि तुमचा दीड दिवस गेला तो नेमका त्या तपासणीत. प्रवासी जहाजाला समुद्रात जायचा परवाना 'सोलास' या आंतरराष्ट्रीय कराराखाली मिळतो. टायटॅनिक बुडालं 1912 मध्ये, तो करार पहिल्यांदा झाला 1914 मध्ये. अपघात झाला की जहाज अजून त्या परवान्याच्या लायकीचं आहे का, हे नव्याने पाहावं लागतं. जहाजाची मजबुती तपासून दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्थेचा सर्व्हेयर येतो, अमेरिकी बंदरात कोस्ट गार्ड येतं. पत्रा कुठे फाटलाय, पाण्याच्या रेषेच्या वर की खाली, आतल्या फासळ्या वाकल्या का, हे पाहून काय दुरुस्ती करायची ते ठरतं, आणि ती त्यांच्या पसंतीस उतरेपर्यंत जहाज सोडत नाहीत. तुम्ही रात्री पाहिलेल्या ठिणग्या म्हणजे हीच दुरुस्ती. सकाळी आदळून दुपारी जहाज गुपचूप निघालं असतं, तर मी म्हटलं असतं, उड्या मारून उतरा.

कवायतीचंही सांगते, कारण सासूबाईंची झोप बहुधा तिथेच उडाली असावी. लाइफ जॅकेट दाखवतात, शिट्टी कुठे, दिवा कुठे ते सांगतात, मग माणसाला वाटतं की आज काहीतरी झालंय म्हणूनच हे चाललंय. तसं नसतं. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर चढलं आणि 32 माणसं गेली. तेव्हा काही तासांपूर्वीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण चोवीस तासांत कधीही करा असा जुना नियम होता. 1 जानेवारी 2015 पासून ती निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर करावी लागते. जहाजाला ओरखडाही नसता तरी सासूबाईंनी त्या दुपारी हेच पाहिलं असतं.

आता तुमचा राग: बर्फ गाळला आणि व्हिक्टोरिया ठेवलं.

अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता त्यांना अमेरिकेतच उतरवायचं नाही. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा असल्या ठिकाणांचे झेंडे लावतात. (अमेरिकेचा झेंडा लावलेलं मोठं सागरी क्रूझ जहाज एकच, ते हवाईत फिरतं.) म्हणून तुमच्याकडून अलास्काला जाऊन परत येणारं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला पाय लावतंच, आणि बहुतेक वेळा शेवटच्या रात्री, उपचारापुरतं. त्या कुणाला नको असलेल्या चार तासांवर सगळी सफर कायदेशीर ठरते. ते गाळलं तर कंपनीला माणशी दंड. तेव्हा वेळ कमी पडला की बाकी काहीही कापलं जाईल, व्हिक्टोरिया कापलं जाणार नाही.

शेवटही हलवता येत नाही. पुढच्या शनिवारी पुढचे तीनेक हजार लोक बॅगा घेऊन धक्क्यावर उभे असतात. मग उरतो मधला भाग. तुमच्या बंदरापासून जूनोपर्यंत जहाजाला जवळपास दोन दिवस लागतात, आणि दीड दिवस आधीच गेला होता. वर ग्लेशियर बे म्हणजे नॅशनल पार्क. तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात आणि ते दिवस आधीच वाटून दिलेले असतात. तुमचा वार हुकला की उद्या या म्हणत नाहीत. जूनोतही गावकरी गर्दीला कंटाळले, म्हणून 2024 पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा आहे. अशा वेळापत्रकात उशिरा आलेल्याला जे मिळतं ते घ्यावं लागतं. कंपनीने तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. पण तुम्हाला हे कारण दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. तो दोष मी तिच्या पदरात नक्की घालीन.

भांडावं का? माझ्या मते नाही. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने 2013 मध्ये प्रवाशांच्या हक्कांची एक सनद काढली. यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे, मध्येच संपवावी लागली तर काही पैसे, आणि काय चाललंय याची वेळच्या वेळी माहिती, असं तिच्यात आहे. तुम्हाला पूर्ण पैसे मिळाले आहेत. बंदरं बदलण्याचा हक्क कंपनीने तिकिटाच्या करारात स्वतःकडे ठेवलेला असतो. तुम्ही तो न वाचता टिचकी मारलीत, सगळेच मारतात. शिवाय खटला कुठल्या गावी भरायचा हेही त्यातच लिहिलेलं असतं. तुमच्याच राज्यातल्या एका जोडप्याने जहाजावर घसरून पडल्याबद्दल घराजवळच्या कोर्टात दावा लावला होता. ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1991 मध्ये निकाल लागला, की तिकिटावर फ्लोरिडा लिहिलंय ना, मग फ्लोरिडाला जा. तिथे खरोखर दुखापत झाली होती. तुम्हाला तर खरचटलंही नाही.

किरकोळ गोष्टी मात्र सोडू नका. बंदरात गाडी उभी केल्याचं भाडं, आधी ठरवलेल्या किनाऱ्यावरच्या सहली, तिघांच्या प्रवास विम्यातलं उशिराचं कलम, ज्या कार्डावर तिकिटं काढली त्या कार्डाचा विमा, हे सगळं तपासा. त्यासाठी किती तास उशीर झाला आणि का, हे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मागवा. ते मागितल्याशिवाय देत नाहीत आणि विमेवाले त्याच्याशिवाय ऐकत नाहीत. जुलै उलटून गेलाय, कळवायच्या मुदती छोट्या असतात, तेव्हा हे याच आठवड्यात.

उतरलात ते चुकलं का, याचं अर्धं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. चारची घंटा खरी होती. एकदा जहाज सुटलं की "केचिकनला उतरतो आम्ही" म्हणता येत नाही, कारण तसं उतरणं त्याच 1886 च्या कायद्याच्या आड येतं. म्हणजे थांबायचं तर शेवटपर्यंत थांबायचं, उतरायचं तर तेव्हाच. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला सहा दिवस पाण्यावर डांबून ठेवण्यात अर्थ नव्हता. सासूबाई उतरल्या ते बरोबर. त्यांचा मुलगा त्यांच्याबरोबर उतरला तेही बरोबर.

पण केबिन तीन होत्या. थांबायचं की उतरायचं हे तुम्हा सहाही जणांना वेगवेगळं सांगता आलं असतं. दोन केबिन रिकाम्या करून तिसरी ठेवता आली असती, त्यात तुम्ही, आई आणि मुलगी. हे सुचलं नाही यात नवल नाही. आपल्याकडे सगळे मिळून निघाले की सगळे मिळूनच परततात, नाहीतर फूट पडल्यासारखं दिसतं. तरी त्या सकाळी केबिनमध्ये किंवा बुफेच्या रांगेत एका माणसाला कुणीच विचारलं नाही. सासूबाईंची भीती ऐकली गेली, नवऱ्याचं मत ऐकलं गेलं, तुम्ही निर्णय सांगितला. "आई काही बोलली नाही," हे तुम्ही तिच्या संमतीसारखं लिहिलं आहे.

चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गापुढे जन्म काढलेली बाई गप्प बसते, तेव्हा तिला बोलता येत नाही असं नसतं. समोर व्याही आणि विहीणबाई आहेत. जहाजावर आणलं जावयाने. विहीणबाई रडवेल्या झालेल्या. अशा वेळी मुलीच्या आईने "मला मात्र जायचंय" म्हणायचं? तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तुमच्या घरी स्वयंपाक नवरा करत असेल, सासूबाई स्वभावाने गरीब असतील, तरी मुलीकडची माणसं मुलीच्या संसारात खडा नको म्हणून जीभ आवरतात, ते काही विमानात बसताना नागपूरला ठेवून येत नाहीत. तिच्या वतीने बोलू शकणारं तिथे एकच माणूस होतं. त्या माणसाने "चला, उतरू या" म्हटलं.

आता पैशांचं. तुमच्या पत्रात दोन वाक्यं एकमेकांपासून बरीच लांब पडली आहेत. आईने एफडी मोडून आपल्या तिकिटाचे पैसे तुमच्या खात्यात टाकले, हे पहिल्या परिच्छेदात. परतावा आमच्या कार्डावर जमा झाला, हे शेवटच्या. या दोहोंच्या मध्ये "आईचे पैसे आईला दिले" असं वाक्य मी शोधलं, मला सापडलं नाही. कदाचित दिले असतील आणि लिहायचं राहिलं असेल. पण सासूबाई "पैसे तर मिळाले" म्हणतात आणि आई ते ऐकून घेते, त्यावरून मला वाटतं नसावेत दिले. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या बाईने मोडलेली एफडी, तीही कुणाचे उपकार नकोत म्हणून, आणि ती रक्कम जावयाच्या कार्डाच्या हिशेबात विरून गेली. ती मागणार नाही. मरेपर्यंत मागणार नाही.

तेव्हा पहिलं काम हे. तुमच्या भारतातल्या खात्यातून तिच्या खात्यात तिने दिले तेवढे रुपये आजच परत पाठवा. एफडी मुदतीआधी मोडल्यावर बँकेने व्याजात जे कापलं असेल तेही त्यात घाला. आणि हे तिला साधेपणाने सांगा: तुझ्या तिकिटाचे पैसे परत आले होते, ते तुझ्या खात्यात टाकलेत, उशीर झाला. त्याच्याऐवजी साडी, बांगड्या, नवा फोन असलं काही आणू नका. तिने भेट मागितलेली नाही.

मग एक-दोन दिवस जाऊ द्या, आणि घरात बाकी कुणी नसताना तिला विचारा, "आई, त्या दिवशी तुला थांबायचं होतं का?" विचारून झाल्यावर गप्प बसा. "अगं पण सासूबाईंची अवस्था तू पाहिलीस ना" हे तुमच्या ओठांवर येईल, ते गिळा. सासूबाईंना पुढे केलंत की तिला पुन्हा समजूतदार व्हावं लागेल, आणि तिच्या समजूतदारपणावरच तर हे सगळं निभावलं आहे. "नव्हतं गं, मलाही भीतीच वाटत होती" असं उत्तर आलं, तर तेही खरं असू शकतं. तुम्ही ठरवून गेलेलंच उत्तर काढून घेऊ नका. रागावली तर रागावू द्या. दोन महिने जे बोलली नाही ते एका दुपारी बोलून संपणार नाही.

सासूबाईंशी मात्र तुम्ही बोलू नका, नवऱ्याला बोलू द्या. "पैसे तर मिळाले" हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा येता कामा नये, आणि ते त्यांच्या मुलाने सांगितलं तरच त्यांना टोमणा वाटणार नाही. त्याने एवढंच सांगावं, की ते पैसे विहीणबाईंचे होते, त्यांनी आपल्या पेन्शनीतून जमवलेले, आणि त्यांची सहल आपल्यासाठी बुडली. सासूबाईंनी मुद्दाम कुणाचं वाईट केलेलं नाही. देवाच्या कौलावर त्यांच्याशी वाद घालण्यात काही हशील नाही. जहाज सुखरूप परत आलं हे सांगितलंत तर त्या म्हणतील, आपण उतरलो म्हणून आलं.

आता सप्टेंबर. आईला नेमकं काय पाहायचं होतं हे आधी विचारा, कारण त्यावर पुढचं ठरतं. बर्फाची नदी पाहायची असेल तर तिला जहाज लागत नाही. जूनोला रस्त्याने जाता येत नाही, पण सिअॅटलहून विमान अडीच तासांत पोचतं, आणि मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. ती जिथून दिसते तिथल्या जवळपर्यंत वाहन जातं, मग थोडं चालणं. शुक्रवारी जाऊन रविवारी परत. देशातल्या देशात प्रवास, म्हणून कॅनडाच्या व्हिसाचा प्रश्नच नाही. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट तेवढा बरोबर हवा. त्या हिमनदीच्या बाजूला साठलेलं पाणी हल्ली बहुतेक ऑगस्टात फुटून खाली पूर येतो, म्हणून जायच्या आधी बातम्या बघा. सप्टेंबरात सहसा हा धोका ओसरलेला असतो. पाऊस मात्र असणारच. नागपूरच्या उन्हाळ्यातून आलेल्या माणसाला त्याची तक्रार नसावी.

तिला बोटीचाच प्रवास हवा असेल, डेकवर खुर्ची टाकून दोन्ही बाजूंचे डोंगर जाताना पाहायचे असतील, तर तुमच्याच राज्यात बेलिंगहॅम नावाचं बंदर आहे. तिथून अलास्का सरकारची फेरी सुटते. ती सेवा 1963 पासून चालू आहे. केचिकनपर्यंत दीड दिवसाच्या वर लागतो, पुढे जूनोलाही जाते. अमेरिकी झेंड्याची बोट असल्याने तिला व्हिक्टोरियाला जावं लागत नाही. त्यावर ना कॅसिनो, ना रात्रीचे शो. साधं उपाहारगृह, छोट्या केबिन, आणि डेकवर तंबू बांधून झोपणारी तरुण पोरं. निवृत्त शिक्षिकेला यातलं काय आवडेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण शाळेच्या सहली नेलेली बाई आहे, तिला साध्या बोटीचं वावडं नसेल. फेऱ्या मोजक्या असतात आणि केबिन लवकर संपतात, म्हणून फेरीचं वेळापत्रक आजच पाहा.

आणि तिला तसलीच मोठी क्रूझ हवी असेल, तर अलास्काचा हंगाम सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो आणि शेवटच्या आठवड्यांत दर बरेच उतरतात. जुलैत तिच्याकडे कॅनडाचा व्हिसा होता, तो अजून चालतोय ना, आणि अमेरिकेत राहायची तिची मुदत कधी संपते, हे दोन कागद तिकीट काढायच्या आधी पाहून घ्या. भारताचं परतीचं विमान क्रूझ संपते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवू नका. मध्ये चार-पाच दिवस सोडा. जहाज पुन्हा कुठे आदळेल म्हणून नव्हे, सप्टेंबरात त्या समुद्रात वादळं सुरू होतात म्हणून.

बरोबर कोण कोण जायचं, हेही तिलाच विचारा. तुम्ही आणि नात एवढंच ती म्हणाली, तर सासूबाईंना काय सांगायचं ते नवरा बघेल.